नॉर्स पुराणकथा मुळातून कशा वाचाव्यात

थॉर, ओडिन आणि लोकी ही नावे आज बहुतेकांना चित्रपट, कॉमिक्स किंवा व्हिडिओ गेम यांतून माहीत झालेली असतात. तिथून कुतूहल वाढून मूळ कथांकडे वळावेसे वाटले, तर एक प्रश्न सतत सोबत ठेवावा: ही गोष्ट कोणी, केव्हा आणि कोणासाठी सांगितली आहे? नॉर्स कथांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातील जुन्या देवांच्या कथांचा, एकच प्रमाण ग्रंथ नाही. जे हाती आहे ते वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या हेतूंनी केलेली कथने आहेत, आणि हा प्रश्न विचारला नाही तर त्या सगळ्यांची सरमिसळ होऊन बसते.

ज्या काळी स्कँडिनेव्हियात या देवांची पूजा होत असे, त्या काळी तिथे लिहिणे म्हणजे मुख्यतः दगडावर, लाकडावर किंवा धातूवर रूनलिपीत कोरलेला छोटा मजकूर. सविस्तर कथा लिहिल्या गेल्या त्या आइसलँडमध्ये, तेराव्या शतकात. आणि आइसलँडने तर इ.स. १००० च्या सुमारासच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे लिहिणारे आपल्या पूर्वजांच्या, सुमारे दोन शतकांपूर्वी मागे पडलेल्या देवांविषयी लिहीत होते. त्यांच्या लेखनातून दोन प्रमुख ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचले. एक आइसलँडिक विद्वान स्नोरी स्टुर्लुसन यांचा गद्य एड्डा आणि दुसरा कर्त्यांची नावे अज्ञात असलेल्या कवितांचा संग्रह, म्हणजे काव्य एड्डा. या कवितांचे मुख्य हस्तलिखित ‘कोडेक्स रेजियस’ हे आज ४५ पानांचे आहे; मधली आठ पाने हरवली आहेत. ते १६४३ मध्ये एका आइसलँडिक बिशपांच्या हाती आले, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि २१ एप्रिल १९७१ रोजी जहाजाने आइसलँडला परतले, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी रेक्याविकच्या बंदरावर मोठा जनसमुदाय जमला होता. एवढ्या एका हस्तलिखितावर आपले किती ज्ञान टिकून आहे, हे वाचताना विसरू नये.

सुरुवात स्नोरींच्या ‘गिल्फागिनिंग’ या भागापासून करावी. त्यात गिल्फी नावाचा राजा वेश बदलून देवांकडे जातो आणि प्रश्न विचारत जातो. उत्तरांमधून जगाची उत्पत्ती, यिग्द्रसिल हा विश्ववृक्ष, देवांचे पराक्रम आणि शेवटी रॅग्नारोक, म्हणजे देवांचा अंत, हा सगळा पट क्रमाने उलगडतो. मी स्वतः पहिल्यांदा ‘वोलुस्पा’ ही सर्वांत प्रसिद्ध कविता उघडली होती आणि पाच-सहा कडव्यांतच वाट चुकले होते, कारण ती ऐकणाऱ्याला कथा आधीच ठाऊक आहेत असे धरून चालते. स्नोरी मात्र शिक्षकाच्या भूमिकेतून लिहितात. जुनी काव्यपरंपरा तरुण कवींना समजावी म्हणून आपण हे लिहीत आहोत, पण ख्रिस्ती माणसाने या देवांवर विश्वास ठेवू नये, असे ते स्पष्ट सांगतात. प्रस्तावनेत तर हे देव म्हणजे ट्रॉयहून उत्तरेकडे आलेली माणसे होती, अशी उपपत्ती ते मांडतात. त्यांची सुबक मांडणी वाचताना ही भूमिका ध्यानात ठेवावी.

त्यानंतर कवितांकडे यावे आणि ‘थ्रिम्स्क्विडा’ आधी घ्यावी. थॉरचा म्योल्निर हा हातोडा थ्रिम नावाच्या राक्षसाने चोरला आहे आणि परत देण्याच्या बदल्यात त्याला फ्रेया ही देवी पत्नी म्हणून हवी आहे. तेव्हा थॉर स्वतःच नवरीच्या वेशात लग्नाला जातो, एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे फस्त करतो, आणि थक्क झालेल्या राक्षसाला करवलीच्या वेशातला लोकी सांगतो की, नवरीने तुमच्या ओढीने आठ रात्री अन्नाला स्पर्शही केला नव्हता. कथा सरळ आहे, संवाद नेटके आहेत आणि लोकीचे चातुर्य इथे देवांच्या कामी येते. ‘हावामाल’ आणि ‘वोलुस्पा’ त्यानंतर सावकाश वाचाव्यात.

वाचताना नावांची एक वही ठेवणे फार उपयोगी पडते, कारण एकट्या ओडिनचीच कितीतरी नावे आहेत. त्याच वहीत ‘केनिंग’ही उतरवावेत. केनिंग म्हणजे वस्तूचे नाव न घेता कथेच्या आधाराने ती सुचवणारी शब्दयोजना. सोन्याला ‘सिफचे केस’ म्हटले की लोकीने थॉरच्या पत्नीचे केस कापल्याची आणि बुटक्यांनी तिच्यासाठी सोन्याचे केस घडवल्याची कथा ऐकणाऱ्याला आठवली पाहिजे. ‘फ्रेयाचे अश्रू’ म्हटले तरी अर्थ सोनेच. कथा विसरली तर कविता कळेनाशी होते, आणि स्नोरींनी ग्रंथ लिहिण्यामागे हीच चिंता होती.

आता तुलनेकडे येऊ. हा या अभ्यासाचा सर्वांत रसाळ भाग आहे आणि त्यासाठी ओडिनचा मुलगा बाल्डर याच्या मृत्यूची कथा घ्यावी. स्नोरींच्या कथनात त्याची आई फ्रिग ही अग्नी, पाणी, लोखंड, दगड, झाडे, रोग, प्राणी अशा सर्वांकडून त्याला इजा न करण्याची शपथ घेते. एक मिसलटो, म्हणजे बांडगूळ, तेवढे शपथ घेण्याच्या मानाने फार कोवळे वाटले म्हणून ती सोडते. लोकी स्त्रीवेशात येऊन हे तिच्याकडून काढून घेतो आणि होडर या आंधळ्या देवाच्या हातात तीच फांदी फेकायला देतो, आणि तिच्या घावाने बाल्डर मरतो. ‘वोलुस्पा’मध्ये बांडगूळ आहे, होडर आहे, रडणारी फ्रिग आहे, परंतु होडर आंधळा असल्याचा उल्लेख नाही आणि फांदी त्याच्या हाती देणारा लोकीही नाही. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये लॅटिन भाषेत इतिहास लिहिणाऱ्या सॅक्सो ग्रामॅटिकस यांच्याकडे तर होडर हा डोळस योद्धा आहे, नान्ना या तरुणीसाठी तो बाल्डरशी लढतो आणि तलवारीने त्याला मारतो. तिन्ही कथने शेजारी-शेजारी मांडावीत आणि प्रत्येकात दोष कोणाच्या माथी येतो ते पाहावे. नियतीची कथा, कपटाची कथा आणि प्रतिस्पर्ध्यांची कथा एकाच मृत्यूभोवती उभी राहिलेली दिसते.

ग्रंथांसोबत दगडही वाचावेत. थॉर समुद्रात विश्वसर्पाला गळाला लावतो तेव्हा जोर लावताना त्याचे पाय नावेच्या तळातून आरपार जातात, हा तपशील स्नोरी देतात. ‘हिमिस्क्विडा’ या कवितेत तो नाही. मात्र स्वीडनमधील आल्टुना येथील अकराव्या शतकातील रूनशिलेवर नावेच्या तळातून बाहेर आलेले थॉरचे पाऊल कोरलेले आहे. म्हणजे स्नोरींच्या आधी, समुद्रापलीकडे, हीच गोष्ट लोकांना माहीत होती. डेन्मार्कमधील ट्रेंडगोर्डन येथे सापडलेल्या साच्यात क्रूस आणि थॉरचा हातोडा दोन्ही ओतता येत असत. धर्मांतराच्या काळाविषयी तो दगडाचा तुकडा बरेच काही सांगून जातो.

यानंतरच आधुनिक प्रभावाकडे वळावे आणि प्रत्येक कलाकृतीत काय मूळचे आणि काय नंतरचे, हे तपासावे. शिंगांचे शिरस्त्राण नंतरचे आहे: ते रूढ झाले त्यात १८७६ मध्ये बायरॉइट येथे झालेल्या जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी केलेल्या वेशभूषेचा मोठा वाटा आहे. नॉर्वेत १९४३ मध्ये येरमुंडबू येथे सापडलेल्या व्हायकिंग शिरस्त्राणाला शिंगे नाहीत. उलट टॉल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ या कादंबरीतील बुटक्यांची बहुतेक नावे आणि गँडाल्फ हे नावही ‘वोलुस्पा’तील यादीतून थेट आलेले आहे. १९६२ पासूनच्या कॉमिक्समध्ये लोकी हा थॉरचा दत्तक भाऊ आहे. ‘लोकासेन्ना’ या मूळ कवितेत मात्र तो ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला बंधू आहे, आणि हे ध्यानात आले की देवांच्या सभेतले त्याचे स्थान निराळेच दिसू लागते. नाझींच्या एसएस संघटनेने रूनचिन्हे आपल्या गणवेशावर वापरली, हाही या प्रभावाचाच भाग आहे. त्याकडे डोळेझाक करू नये, आणि त्या चिन्हांचा मूळ अर्थ म्हणून तो स्वीकारूही नये.

स्वतः कथा लिहिणाऱ्यांनी या परंपरेतून वस्तू आणि नावे उचलण्याऐवजी तिची सांगण्याची रीत शिकावी, असे मला मनापासून वाटते. फेन्रिर या महाकाय लांडग्याला बांधण्यासाठी देवांनी वापरलेली ग्लायप्निर ही फीत सहा गोष्टींपासून बनली आहे: मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. फीत रेशमासारखी मऊ असल्यामुळेच लांडग्याला संशय येतो आणि तो कोणीतरी आपल्या तोंडात हात ठेवावा अशी अट घालतो. टीर हा देव पुढे होतो. लांडगा अडकतो तेव्हा, स्नोरी लिहितात, सगळे हसले. टीर सोडून, कारण त्याने हात गमावला होता.