बाहुलू भाजायला घेण्यापूर्वी

मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि इंडोनेशियाच्या बऱ्याच भागांत ईदला, आणि तिथल्या चिनी घरांत नववर्षाला, डब्यांतून भरून ठेवला जाणारा चिमुकला स्पंज केक म्हणजे कुइह बाहुलू. त्यात मुळात अंडी, साखर आणि मैदा एवढेच जिन्नस असतात. लोणी, तेल, दूध यांना पिठात जागा नाही आणि जुन्या पद्धतीत बेकिंग पावडरही घालत नाहीत. त्यामुळे तो फुगतो तो केवळ फेटलेल्या अंड्यांत कोंडलेल्या हवेच्या जोरावर, आणि ती हवा टिकणार की निसटणार हे बहुतांशी ओव्हनचे दार उघडण्यापूर्वीच ठरलेले असते. म्हणून पुढील सर्व गोष्टी हाताशी आल्याखेरीज पहिले अंडे फोडू नये.

सर्वप्रथम साचा पाहावा. पारंपरिक साचा पितळी किंवा बिडाचा, जड आणि झाकणासह असतो. त्यात फुलासारख्या पाकळ्यांचे किंवा माशाच्या आकाराचे खळगे असतात. असा साचा नवा असेल तर तो धुऊन, कोरडा करून, तेल लावून चांगला तापवून घ्यावा. त्यात किसलेला ओला नारळ काळसर होईपर्यंत परतण्याची तिकडची जुनी रीत आहे, आणि बिडाचा नवा तवा वापरात आणणाऱ्यांना ती परकी वाटणार नाही. साचा मिळाला नाही तर बिडाचे आप्पेपात्र उत्तम काम देते. मात्र नॉनस्टिक आप्पेपात्राला प्लास्टिकची मूठ असेल तर ते ओव्हनमध्ये घालता येत नाही, आणि तेच गॅसवर झाकण ठेवून वापरले तर बाहुलू खालून लाल पण वरून पांढरा व दमट राहतो. कागदी कपांच्या नादी लागू नये. धातूचा चटका बसल्याशिवाय याला पातळ, खुसखुशीत कवच येत नाही, आणि कवच नसेल तर तो साधा कपकेक झाला.

मैद्याची तयारी आदल्या दिवशी करावी, कारण यात घाई चालत नाही. मैद्यात साधारण 12 ते 14 टक्के पाणी असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो आणखी दमट होतो. हे पाणी काढण्यासाठी मलाय घरांत मैदा मंद आचेवर कोरडाच परततात किंवा उन्हात वाळवतात. परतताना कढईत पंदनच्या पानाचे तुकडे टाकण्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. भाताला वास यावा म्हणून आपल्याकडेही काहीजण कुंडीत लावतात तेच हे पान. ते मैद्याला सुवास तर देतेच, शिवाय बोटांनी चुरता येईल इतके कुरकुरीत झाले की मैदा कोरडा झाला असे निःशंक समजावे. पान नसेल तर मैदा हलका होऊन झाऱ्यावरून सुटा घसरू लागेपर्यंत परतावा, पण त्याचा रंग मात्र बदलू देऊ नये. पूर्ण गार झाल्यावर तो दोनदा चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि वजन यानंतरच करावे, आधी नव्हे, कारण परतताना ते घटते.

4 मध्यम अंड्यांसाठी असा परतलेला मैदा 150 ग्रॅम आणि साखरही 150 ग्रॅम घ्यावी. वजनकाटा नसलेल्या घरांत एकाच पेल्याने अंडी, साखर आणि मैदा सारखेच मोजण्याचे जुने माप चालत आले आहे; तेही चालते, फक्त पेला शेवटपर्यंत एकच असावा. साखर बारीक दाण्याची असावी; जाड दाण्याची असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्यावी, पण पार पिठासारखी करू नये. व्हॅनिला अर्धा चमचा पुरतो. ज्यांना फेटण्याचा अजून भरवसा नाही त्यांनी पाव चमचा बेकिंग पावडर मैद्यात चाळून घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

अंडी फ्रिजमधून किमान तासभर आधी बाहेर काढावीत. थंड अंडी फुगायला वेळ लावतात आणि त्यांचा फेसही तोकडा राहतो; घाई असेल तर ती कवचासकट कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत. फेटण्याचे भांडे काचेचे किंवा स्टीलचे, खोल आणि तेलाचा अंशही नसलेले असावे, त्यासाठी ते आतून लिंबाच्या फोडीने पुसून कोरडे करावे. बलक वेगळे काढायचे नाहीत, पूर्ण अंडीच साखरेबरोबर फेटायची असतात. पूर्वी हे काम स्प्रिंगच्या हातफेटणीने बराच वेळ चाले. विजेच्या बीटरला आठ ते दहा मिनिटे लागतात. मिश्रण जवळजवळ तिप्पट, फिकट पिवळे आणि दाट झाले पाहिजे, आणि बीटर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर काही क्षण तशीच उठून दिसली पाहिजे. ती लगेच बुडाली तर आणखी फेटावे.

ओव्हन फेटायला सुरुवात करण्यापूर्वीच 210 अंशांवर लावावा आणि रिकामा साचा त्यातच तापत ठेवावा, कारण पीठ थंड साच्यात पडले तर ते चिकटते आणि कडा उमलत नाहीत. पूर्वी साच्याच्या खाली आणि झाकणावर, दोन्हीकडे विस्तव ठेवत. त्यासाठी कोळसा किंवा नारळाची सोडणे वापरत. गोव्यात बेबिंकाचे थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्याच जातीची ही आच. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये आजच्या मलेशियातले मलाक्का बंदर घेतले, आणि बाहुलूचे मूळही पोर्तुगीज केकमध्येच सांगतात, हे लक्षात घेतले तर हे साम्य फारसे अनपेक्षित नाही. बँकॉकच्या कुडी चिन या जुन्या पोर्तुगीज वस्तीत अजूनही असाच एक केक बदकाच्या अंड्यांचा करतात आणि वर मनुका व कोहळ्याचा पेठा लावतात. घरच्या ओव्हनमध्ये वरची आच मिळावी म्हणून जाळी मधल्या खणापेक्षा एक खण वर लावावी.

साच्याला लावायचे तेल वाटीत काढून, सोबत कुंचला किंवा कापडाची पुरचुंडी ठेवावी, कारण प्रत्येक घाण्यापूर्वी ते पुन्हा लावावे लागते. बाहुलू काढण्यासाठी मलेशियात माडाच्या झावळीचा हीर वापरतात. आपल्याकडे स्वच्छ नवा हीर, बांबूची काडी किंवा विणकामाची बारीक सुई चालेल. सुरी वापरली तर कवच फाटते आणि साच्यावर ओरखडेही उठतात.

आता ज्या एका गोष्टीकडे पाककृतींत सहसा दुर्लक्ष होते ती सांगतो. सगळा मैदा एकदम फेसात मिसळू नये. साचा एकच असतो आणि घाणे तीन-चार निघतात. मैदा पडलेले मिश्रण वाट पाहत राहिले की बसत जाते आणि शेवटच्या घाण्याचे बाहुलू चपटे, चिवट होतात. म्हणून एक रिकामे लहान भांडे आणि पसरट चमचा आधीच बाजूला ठेवावा, मैद्याचेही घाण्यांइतके भाग करून वाट्यांत मांडावेत. एका घाण्यापुरता फेस लहान भांड्यात काढून, त्यावर एका वाटीतला मैदा चाळून, खालून वर असा अलगद वळवून मिसळावा आणि लगेच तापलेल्या साच्यात पाऊण उंचीपर्यंत भरावा. उरलेल्या फेसाला पुढच्या घाण्यापूर्वी बीटरचे दोन-तीन फेरे द्यावेत.

घाणा आठ ते दहा मिनिटांत होतो. वरचा भाग सोनेरी होऊन कडा साच्यापासून सुटल्या की काढावा. पहिल्या घाण्यात पाहुण्यांना देण्याजोगे बाहुलू क्वचितच निघतात, तेव्हा त्यावरून आच आणि वेळ ठरवून घ्यावी. गार करायला जाळी हवी, ताटात ठेवल्यास खालून वाफ धरून ते मऊ पडतात. डबे कोरडे व घट्ट झाकणाचे असावेत आणि बाहुलू पूर्ण गार झाल्यावरच भरावेत. मुंबई-कोकणच्या हवेत कवच दुसऱ्या दिवशीच नरम पडते. टिकवायचे असतील तर 120 अंशांवर पुन्हा पंधरा मिनिटे वाळवून घ्यावेत. असे कोरडे बाहुलू तिकडे बिनदुधाच्या कॉफीत बुडवून खातात, तेव्हा भाजणे संपत आले की कॉफीचे पाणीही चढवून ठेवावे.