वसतिगृहाच्या जोडणीवरील पीअर-टू-पीअर वापर कसा मोजावा

नागपुरात हिंगणा मार्गावर किंवा नंदनवनात विद्यार्थ्यांची जी खासगी वसतिगृहे आहेत, तेथे बहुधा एकच फायबर जोडणी सगळ्या खोल्यांत वाटलेली असते. रात्री दहानंतर व्हिडिओ कॉल अडखळू लागले की 'कोणीतरी टॉरेंट लावले आहे' असे म्हणून मोकळे होता येते (टॉरेंट ही पीअर-टू-पीअर पद्धत, म्हणजे वापरकर्त्यांचे संगणकच एकमेकांना फाइलचे तुकडे देतात). परंतु हा संशय मोजमापाने तपासल्याशिवाय कोणाच्या खोलीचे दार ठोठावू नये. तक्रार भर दुपारी आणि मे महिन्यात येत असेल, तर आधी गच्चीवरील टिनाच्या छपराखालच्या नेटवर्क स्विचच्या (खोल्यांच्या तारा जोडणाऱ्या यंत्राच्या) पेटीला हात लावून पाहावा, कारण येथील ४५ अंशांच्या उन्हात दोष टॉरेंटचा नसून तापलेल्या यंत्राचा असण्याची शक्यता अधिक असते.

मोजमाप राउटरच्या आतल्या बाजूने करावे. बाहेरच्या बाजूने केल्यास नॅटमुळे (राउटर सर्वांसाठी एकच बाहेरचा पत्ता वापरतो त्यामुळे) सर्व यंत्रे एकाच पत्त्याची दिसतात आणि कोण किती वापरतो हे कळत नाही. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिल्यात स्विचवर पोर्ट मिररिंग लावून सर्व पॅकेटची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) प्रत एका जुन्या संगणकाकडे पाठवायची आणि ती वायरशार्क किंवा एनटॉपएनजी या रहदारी तपासणाऱ्या प्रोग्रॅमने वाचायची. दुसऱ्यात राउटरकडून केवळ नेटफ्लोच्या नोंदी घ्यायच्या, म्हणजे कोणत्या पत्त्यावरून कोठे, केव्हा आणि किती डेटा गेला एवढेच कळते. माझ्या मते वसतिगृहाला दुसरा मार्गच शोभतो. मजकूर साठवला जात नाही, त्यामुळे मुलांच्या खासगी व्यवहारात डोकावण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मायक्रोटिक राउटरवर 'ट्रॅफिक फ्लो' सुरू करून या नोंदी एनएफडंप या मोफत साधनाकडे पाठवता येतात. एनटॉपएनजी मात्र नेटफ्लो थेट घेत नाही, मध्ये एनप्रोब हा प्रोग्रॅम लागतो. नोंदी ठेवल्या जातात हे सूचना फलकावर आधीच लिहावे.

आता ओळखायचे कसे? ६८८१ ते ६८८९ ही पोर्ट (प्रोग्रॅम वापरत असलेले जोडणीचे क्रमांक) पाहण्याची जुनी युक्ती आज पुरेशी नाही, कारण बहुतेक टॉरेंट प्रोग्रॅम हवे ते पोर्ट निवडतात. बिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोटोकॉलची जोडणी सुरू होताना १९ हा आकडा आणि त्यापुढे त्या प्रोटोकॉलचे नाव उघडपणे जाते, परंतु एन्क्रिप्शन चालू असल्यास तेही लपते. म्हणून नावापेक्षा रहदारीचा आकार पाहावा. चित्रपट स्ट्रीम करणारे यंत्र मोजक्या सर्व्हरकडून भरपूर डेटा उतरवून घेते आणि वर फारसे काही पाठवत नाही. टॉरेंट चालवणारे यंत्र मात्र शेकडो निरनिराळ्या पत्त्यांशी, उंच क्रमांकांच्या पोर्टवर, बरेचसे यूडीपीवर (आधी जोडणी न करता डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर) बोलते आणि त्याचे अपलोड तासन्‌तास थांबत नाही. खात्री करायची असल्यास पॅकेटचा थोडा नमुना वायरशार्कमध्ये उघडून डीएचटीचे (इतर वापरकर्ते शोधण्याच्या यंत्रणेचे) संदेश शोधावेत, कारण मुख्य देवाणघेवाण झाकलेली असली तरी ते सहसा उघडेच असतात.

घाईने बोट दाखवण्यापूर्वी ७६८० हे पोर्ट पाहावे. विंडोज आपले अपडेट शेजारच्या संगणकांना याच पोर्टवरून वाटते. तेही पीअर-टू-पीअरच आहे, परंतु एकाच इमारतीत झाले तर उलट बाहेरची बँडविड्थ वाचते.

अपलोडकडे विशेष लक्ष द्यावे. २० एमबीपीएसचे अपलोड रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत चालले, तर ७२ जीबी डेटा बाहेर जातो. आणि अपलोडची रांग तुंबली की इतरांच्या डाउनलोडच्या पोचपावत्याही त्याच रांगेत अडकतात, म्हणून डाउनलोडला जागा असूनही पाने उघडत नाहीत. पत्त्यावरून यंत्र शोधण्यासाठी डीएचसीपीची यादी (राउटरने कोणत्या यंत्राला कोणता पत्ता दिला ती) वापरावी, मात्र अलीकडचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख-क्रमांक) बनवतात हे ध्यानात ठेवावे.

पुरावा हाती आल्यावर टॉरेंट बंद पाडण्याच्या मागे लागणे मला व्यर्थ वाटते. लिनक्सच्या आवृत्त्याही टॉरेंटने उतरवल्या जातात. त्यापेक्षा बँडविड्थ जोडण्यांच्या संख्येवर न वाटता यंत्रामागे समान वाटावी. राउटरओएस या मायक्रोटिकच्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतील 'केक' ही रांग ते करते, फक्त ती राउटरच्या इंटरनेटकडील पोर्टवर (तारेच्या जोडणीवर) लावताना तिचा नॅटचा पर्याय चालू करावा लागतो. त्याऐवजी त्याच प्रणालीतील 'सिंपल क्यू' ही रांग वापरत असाल तर 'फास्टट्रॅक'चा (रहदारी झटपट पुढे पाठवण्याचा) नियम बंद करावा, कारण त्यातून जाणारी रहदारी त्या रांगेला वळसा घालते आणि घातलेली मर्यादा कागदावरच राहते. त्यानंतर दुसऱ्या रात्री त्याच वेळी पिंगचा कालावधी (संदेश जाऊन उत्तर येण्याचा वेळ) आणि त्या यंत्राचे अपलोड पुन्हा मोजून आदल्या रात्रीच्या आकड्यांशी ताडून पाहावे.