हवाईयन बोलायला शिकताय? आधी ओकिना पक्का करा

‘हवाईयन सोपी आहे, तेराच अक्षरं, लिहिलंय तसं वाचत जा.’ हा सल्ला ऐकून माझे पहिले काही महिने वाया गेले. तेरावं अक्षर म्हणजे ओकिना. ते सोडून शिकलात, तर सगळं पुन्हा शिकावं लागतं.

स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. व्यंजनं ह, क, ल, म, न, प, व. क आणि प इंग्रजी बोलणाऱ्यांना जड जातात, आपल्याला नाही. जोडाक्षर नाही, आणि शब्द कायम स्वरावर संपतो. झालं.

आता ओकिना. लहान मूल गरम तव्याकडे हात नेतं तेव्हा आपण ‘अं’अं!’ म्हणतो. त्यात मधे घसा क्षणात मिटून उघडतो, तोच ओकिना. लिहिताना त्याची खूण ’ अशी. ‘तिथे जरा थांबा’ असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. थांबलात की एका शब्दाचे दोन होतात. क किंवा म सारखंच हेही व्यंजन आहे, विरामचिन्ह नव्हे.

मी इथेच अडकले होते. वर्गात बाईंनी विचारलं, ‘’ओ वाइ कोउ इनोआ?’ तुझं नाव काय? मी माझं नाव घेऊन पुढे ‘कोउ इनोआ’ म्हटलं. बाईंनी शांतपणे स्वतःकडे बोट दाखवलं. ‘कोउ’ म्हणजे तुझं, ‘को’उ’ म्हणजे माझं. तसंच ‘मोआ’ म्हणजे कोंबडी आणि ‘मो’आ’ म्हणजे शिजलेलं. या दोन जोड्या रोज मोठ्यानं म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलंत तर चूक कानाला कळत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या हवाईयन वर्तमानपत्रांत ही खूण बहुतेक छापलेलीच नसे. वाचणाऱ्यांना अडत नव्हतं. ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा हे आपल्याला कुठे खुणेनं सांगावं लागतं? पण शिकणाऱ्यानं खुणा असलेलाच मजकूर घ्यावा.

स्वरावरची आडवी रेघ म्हणजे काहाको, तिथे स्वर लांबवायचा. शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका, कारण ‘काला’ दोन्ही वेळा सारखाच दिसेल. दोन्ही आ आखूड ठेवले तर माफ करणं, दोन्ही लांबवले तर पैसे. ‘ए काला माइ’ म्हणजे माफ करा, इथे आखूडच.

रोजचं बोलणं पटकन येतं. सकाळी ‘आलोहा काकाहिआका’. ‘पेहेआ ’ओए?’ म्हणजे कसा आहेस. उत्तर ‘माइका’इ’, छान. आभाराला ‘माहालो’, निघताना ‘आ हुइ होउ’. अनेकांना मिळून नमस्कार करायचा तर ‘आलोहा काकोउ’, ‘काकोउ’मधला आ लांब. हा ‘काकोउ’ म्हणजे आपलं ‘आपण’, ऐकणारा धरून. त्याला वगळलं की ‘माकोउ’, म्हणजे ‘आम्ही’. इंग्रजीतून शिकणारे इथे फार गोंधळतात. तुम्ही मराठीतूनच विचार करा.

होनोलुलूत रस्ता विचारलात तर डावं-उजवं कमी आणि ‘माउका’, म्हणजे डोंगराकडे, किंवा ‘माकाइ’, म्हणजे समुद्राकडे, असं जास्त ऐकायला मिळेल. विचारण्याआधी समुद्र कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा.