कोल्हापुरात नवीन आहात? गच्चीवर शेगडी पेटवण्याआधी वाचा

मी मूळचा लातूरकडचा. नोकरीनिमित्त कोल्हापूरला आलो आणि इथलाच झालो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दरवर्षी नवी माणसं येतात, खोली घेतात आणि थंडी पडली की गच्चीवर कोळशावर चिकन भाजायचा बेत ठरवतात. जरूर ठरवा. या गावात माणसं जोडायची तर मटण-चिकनच्या बेतासारखा दुसरा मार्ग नाही. फक्त शेजारच्यांना आणि मालकांना आधी विचारा; श्रावणात आणि नवरात्रात बरीच घरं मांसाहार करत नाहीत.

सगळ्यात आधी जिवाची गोष्ट. शेगडी घरात किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत पेटवू नका, बाहेर कितीही पाऊस असला तरी. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, त्यामुळं धूर नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. विझत आलेली शेगडी उबेसाठी खोलीत घेऊन दार लावून झोपणं तर सरळ जिवावर बेतणारं आहे.

दुकानात लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा मागा. फौंड्रीत कामाला असाल तर तिथला कोक आणायचा मोह होईल, पण तो शेगडीत लवकर पेटत नाही आणि त्यातल्या गंधकाचा वास खाण्याला लागतो. इथल्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला कोळसा ओल धरतो, मग तडतडतो, ठिणग्या उडवतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. शेगडी उद्यमनगरात मापानं करून मिळते. तळाला हवेसाठी भोकं हवीत आणि आतून रंग नको. कुंपणाची जस्त चढवलेली जाळी भाजायला वापरू नका. तापली की जस्ताचा विषारी धूर निघतो.

पेटवायला रॉकेल-पेट्रोल अजिबात नको. नारळाची शेंडी, करवंटीचे तुकडे, एखादी शेणी (गोवरी) पुरते. वर कोळशाचा ढीग रचा, खालून पेटवा आणि थांबा. निम्म्याहून जास्त बेत या थांबण्याच्या ठिकाणीच बिघडतात. जाळ दिसला की लगेच चिकन चढवतात. ते वरून करपतं आणि हाडाजवळ लाल राहतं. 20 ते 30 मिनिटांत कोळशावर राखेचा पांढरट थर येतो, तेव्हा निखारे एका बाजूला ओढा आणि निम्मी शेगडी मोकळी सोडा. जाळीच्या पाचेक इंच वर तळहात 4-5 सेकंद धरवला तर धग मध्यम आहे. चरबी गळून जाळ उठला की तुकडे मोकळ्या बाजूला सरकवा. पाणी मारलं तर राख उडून सगळी मांसावर बसते. घरी थर्मामीटर असेल तर चिकनच्या आत 74 अंश सेल्सिअस दिसायला हवेत.

आता मसाला. इथं आल्यावर कांदा-लसूण चटणीच्या प्रेमात पडाल, पण ती आधीच लावून तुकडे निखाऱ्यावर ठेवू नका. त्यातला कांदा, खोबरं, तीळ आधीच भाजलेले असतात. परत धग लागली की काळे पडून कडू होतात. मुरवताना आलं-लसूण, हळद, मीठ, दही एवढंच ठेवा. चटणी तेलात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत वरून फिरवा.

बोकडाचं मटण कच्चंच सळईला लावलं तर चिवट राहतं. आलं-लसूण, हळद, मीठ घालून ते आधी पाऊण शिजवा आणि मग निखाऱ्यावर धरा. खाली उरलेल्या मटणाच्या पाण्याला इथं आळणी पाणी म्हणतात. ते ओतून देऊ नका! त्यात नारळाचं दूध, खसखस आणि काजूचं वाटण घातलं की पांढरा रस्सा होतो. एका बोकडाच्या मांडीत भाजलेलं मटणही होतं आणि रस्साही, आणि कोल्हापूरकर पाहुणा रस्सा विचारणारच.

कच्चं मटण ज्या ताटात होतं त्यात भाजलेलं काढू नका.

जेवण झाल्यावर शेगडीवर बादलीभर पाणी ओतू नका. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असेल तर तडकते, आणि उसळलेल्या वाफेनं हात भाजतो. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून फरशीवर ठेवा, पूर्ण गार झाली की मगच घंटागाडीत टाका.