सोसायटीत ओला-सुका वेगळा होत नाहीये? आधी पोस्टर काढून टाका, मग हे करा

आमच्या सोसायटीत कचऱ्यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी पार्किंगवरून पण झाली नसतील. लिफ्टमध्ये पोस्टर लावून झाले, ग्रुपवर हिरव्या पानांचे मेसेज टाकून झाले, एजीएममध्ये पीपीटी पण झाली, आणि खाली जाऊन बघावं तर डाळभात, डायपर आणि दुधाची पिशवी एकाच काळ्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. समाजशास्त्र शिकून तू करणार काय असं घरचे मला वर्षानुवर्षं विचारायचे, त्याचं उत्तर शेवटी कचऱ्याच्या डब्यापाशी मिळालं. तर जे केलं ते लिहितेय, कुणाला करून बघायचं असेल तर बघा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, लोकांना माहीत नाही म्हणून ते करत नाहीत ही. माहिती सगळ्यांना आहे हो. ओला कचरा डेपोवर ढिगाखाली दबला की हवा न मिळता कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि २० वर्षांचा हिशोब धरला तर हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट जास्त उष्णता धरून ठेवतो, हे नववीतलं पोरगं पण सांगेल. मुंबईतल्या देवनार डेपोची २०१६ ची आग आपण टीव्हीवर बघितली, पुण्याच्या कचरा डेपोविरुद्धची उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांची आंदोलनं पेपरात वाचली. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करा हे २०१६ च्या नियमांतच लिहिलं होतं. म्हणजे विज्ञान झालं, कायदा झाला, घोडं अडलंय ते किचनच्या सिंकपासून सोसायटीच्या गेटपर्यंतच्या त्या शंभर पावलांत, आणि तिथे माणसं राहतात.

मग सुरुवात कुठून करायची? सर्व्हे फॉर्मपासून तर अजिबात नको. गुगल फॉर्म पाठवलात तर सगळे 'हो, आम्ही वेगळा करतो' असंच भरणार. खोटं बोलतात असं नाही, चांगलं दिसावंसं वाटतं इतकंच. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात विल्यम रॅथ्जे नावाच्या पुरातत्त्वाच्या प्राध्यापकाने १९७३ पासून लोकांचा कचरा उचकून त्याचा अभ्यास केला, आणि लोक तोंडाने सांगतात ते आणि डब्यात सापडतं ते जुळत नाही हे दाखवून दिलं, बिअर सांगतात त्यापेक्षा बरीच जास्त पितात वगैरे. तेव्हा ग्लोव्हज घाला, जी ताई कचरा गोळा करते तिला विचारून, कमिटीला सांगून, एक आठवडा खाली उभं राहा आणि फक्त बघा. किती पिशव्या वेगळ्या आल्या, किती मिक्स, कुठल्या विंगच्या, एवढंच वहीत मांडायचं. फ्लॅट नंबर लिहायचा नाही आणि फोटो तर काढायचाच नाही, कारण कचऱ्यात लोकांची औषधं असतात, बाटल्या असतात, फाडलेली पत्रं असतात, आणि एकदा का कुणाला कळलं की तुम्ही त्यांचा कचरा वाचताय तर पुढची दहा वर्षं तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

दुसरं काम म्हणजे पिशवीचा माग काढा. आमच्याकडे यातच सगळं उलगडलं. कचरा टाकतं कोण? ज्यांना आपण पीपीटी दाखवत होतो ते टाकतच नव्हते. बऱ्याच घरांत कचरा काढतात कामवाल्या मावशी, आणि आमचं पोस्टर होतं इंग्लिशमध्ये. एका मावशींशी जिन्यात बसून बोलले, तर त्या म्हणाल्या, अगं मला वेगळा करायला काय जातंय, पण वहिनींच्या ट्रॉलीत डबाच एक आहे, मी सुका ठेवू कुठे, डोक्यावर? मॉड्युलर किचनमध्ये सिंकखाली एकच डबा बसतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय कचरा नेणारी ताई साडेसातला येऊन जाते आणि मावशी येतात सव्वाआठला, त्यामुळे रात्रीचं खरकटं, सकाळचा चहाचा चोथा, पार्सलचे डबे सगळं एकात कोंबून दाराबाहेर ठेवलं जातं. हे कुठल्याही फॉर्ममध्ये आलं नसतं. म्हणून पाच-सात जणांशी नीट बोला, मावशी, वॉचमन, भाड्याने राहणारी पोरं, एखाद्या आजी, आणि कचरा उचलणारी ताई तर पाहिजेच. 'का करत नाही' असं विचारू नका, ते भांडण वाटतं. 'काल रात्री जेवणं झाल्यावर काय काय झालं ते सांगा' असं विचारा, सगळं आपोआप बाहेर येतं.

जरा विषयांतर होतंय पण बोलायलाच हवं. कचऱ्याला हात लावायची आपली किळस ही फक्त वासाची नाहीये, त्यात जातपात आहे. ते काम 'त्यांचं' असं कुठेतरी डोक्यात बसलंय, म्हणून आपण काळ्या पिशवीला गाठ मारतो आणि मोकळे होतो. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढावांसारख्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे २००८ मध्ये त्यातून महापालिकेसोबत काम करणारी स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, आणि तिथल्या बायकांना कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं नाही, हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. ते ज्ञान फुकट दाराशी येतंय, त्यांना खुर्ची द्या आणि मीटिंगमध्ये बोलवा. आमच्याकडे यावरून दोघांनी नाकं मुरडली, मुरडू देत.

आता उपाय. आधी सोपं करा, मग समजवा. सिंकखाली छोटा डबा ओल्याचा आणि सुक्यासाठी दाराच्या मागच्या खुंटीला एक कापडी पिशवी, बस. दुधाची पिशवी विसळून नळाला अडकवली की वाळते. पॅड आणि डायपर पेपरात गुंडाळून वर लाल खूण. कचरा न्यायची वेळ बदलता येते का ते ताईला विचारा, तिचा पण दिवस ठरलेला असतो, नाही जमलं तर दोन मोठे झाकणवाले डबे खाली ठेवा म्हणजे मावशी जाताना टाकतील. पोस्टर पुन्हा लावायचंच असेल तर मराठीत, हिंदीत, चित्रं काढून, आणि लिफ्टमध्ये नाही, डब्याच्या वर.

मेसेजमध्ये आपण सगळेच माती खातो. 'आपल्या सोसायटीत बहुतेक लोक कचरा वेगळा करत नाहीत, लाज वाटली पाहिजे' असं लिहिलं की वाचणारा मनात म्हणतो, अरे वा, म्हणजे मी एकटाच नाही. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट पार्कमध्ये हेच तपासलं, खूप लोक इथलं दगड झालेलं लाकूड चोरून नेतात असं सांगणारी पाटी लावली तर चोरी वाढली. आणि हॉटेलात, याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला असं लिहिलं तेव्हा पर्यावरण वाचवा या नेहमीच्या पाटीपेक्षा जास्त लोकांनी तो वापरला. तर जी विंग बरी चाललीय तिचं खरं सांगा, 'बी विंगमध्ये या आठवड्यात अर्ध्याहून जास्त पिशव्या वेगळ्या आल्या', आणि आकडा खरा असेल तरच, वहीत आहे ना तुमच्या. फुगवून लिहिलंत तर चौथ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका पकडतात.

दंडाचं काय? आमचे सेक्रेटरी पहिल्या दिवसापासून दंड दंड करत होते. इस्रायलमध्ये हायफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून बघितला होता, २००० साली तो अभ्यास छापून आला, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले, कारण आधी बाईंसमोर ओशाळायला व्हायचं आणि आता पैसे भरून मोकळं होता येत होतं. दंड काढून घेतला तरी उशीर तसाच राहिला. महिन्याला हजारो रुपये मेंटेनन्स भरणाऱ्याला शंभर रुपये दंड म्हणजे 'मिक्स कचऱ्याचं तिकीट'. दंड कधीच नको असं नाही म्हणत मी, पण तो शेवटी.

मधल्या पायऱ्या कशा असाव्यात हे एलिनॉर ऑस्ट्रॉमकडून घ्यायचं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी ती पहिली बाई, आणि शिक्षणाने राज्यशास्त्राची. गायरान, तळी, पाट अशा सामायिक गोष्टी लोक स्वतः नियम करून पिढ्यानपिढ्या टिकवतात हे तिने जगभरची उदाहरणं घेऊन दाखवलं. आपल्याकडे धुळे-नाशिककडची शेतीच्या पाण्याची फड पद्धत तशीच, पाळी ठरलेली आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यावर सगळ्यांची नजर. सोसायटीत याचा अर्थ असा की नियम कमिटीने टाइप करून लावायचा नाही, ज्यांना पाळायचाय त्यांनी बसून ठरवायचा, मावशी आणि भाडेकरू धरून. देखरेख करणारा आपल्यातलाच हवा, दर महिन्याला बदलणारा. आणि चूक झाली तर पहिल्यांदा पिशवी परत दारात, न बोलता. दुसऱ्यांदा बेल वाजवून बोलायचं, घरात आजारपण आहे का, बाळ आहे का ते बघायचं. तिसऱ्यांदा मीटिंग, आणि त्यानंतर मग सेक्रेटरींचा लाडका दंड.

महिन्याभराने पुन्हा खाली उभं राहून त्याच पद्धतीने मोजा, तेच वार, तीच वेळ. गणपती-दिवाळीचा आठवडा धरू नका, तेव्हा निर्माल्य आणि मिठाईच्या खोक्यांनी सगळं गणित बिघडतं. मे महिना पण सांभाळून, आम्ही आंब्याच्या दिवसांत वजन करायला बसलो आणि ओला कचरा एकदम वाढलेला बघून, लोक वेगळा करायला लागले म्हणून सगळे खूश, दोन दिवसांनी कळलं की त्या सगळ्या कोयी आणि सालं होती.