संपर्क फॉर्मचा मेल वाचण्याजोगा करा

कोकणातल्या होमस्टेंच्या वेबसाइट मी करते. पाहुण्याने साइटवरचा फॉर्म भरला की मालकांना मेल जातो. तो ते मोबाइलवरच बघतात, तेही हातातलं काम न सोडता. म्हणून विषयातच मुद्दा येऊ द्या: ‘चौकशी: ४ जण, १२ मे’. ‘नवीन संदेश’ कोण उघडणार? आत आधी निरोप, मग फोन. रिकामे रकाने गाळा.

खरी गोम ‘फ्रॉम’मध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. तिथे पाहुण्याचा जीमेल पत्ता टाकलात, तर मेल जीमेलच्या सर्व्हरवरून आलेला नसल्याने एसपीएफ-डीमार्कच्या (पाठवणारा खरा आहे का, हे बघणाऱ्या) तपासणीत अडकू शकतो. फ्रॉमला स्वतःच्या डोमेनचा पत्ता, पाहुण्याचा ‘रिप्लाय-टू’त, म्हणजे उत्तर जिथे जातं त्या रकान्यात.

वर्डप्रेसला कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हे प्लगइन पुरतं, पण ते निरोप साठवत नाही. जोडीला निरोप साठवणारं फ्लेमिंगो प्लगइन घ्याच. साध्या एचटीएमएल साइटला फॉर्मस्प्री, म्हणजे फॉर्मचा मेल पाठवणारी सेवा. गूगल फॉर्म्स फुकट, पण साइटवर ठिगळासारखं दिसतं.