साइडिंगच्या फोन-वायरलेसचा खर्च: मार्चआधीची तयारी

कंपनीची रेल्वे साइडिंग, म्हणजे मालगाड्या भरण्या-उतरवण्याचा स्वतःचा फाटा, उरण किंवा तळोज्याकडे आणि वह्या वाशी-बेलापूरच्या ऑफिसात, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी फेब्रुवारीतच कामाला लागावं. रूळ, वजनकाटा, शेड यांची बिलं मोठी असतात, ती कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत. घोळ होतो तो कंट्रोल फोन, वॉकी-टॉकी, बेस स्टेशन (वॉकी-टॉकींशी बोलणारा ऑफिसातला मुख्य सेट), मास्ट (अँटेनाचा खांब) आणि जमिनीखालच्या केबलचा. ही बिलं किरकोळ दिसतात आणि मालमत्तेत धरायची ती निम्मी तर दुरुस्ती-देखभालीच्या खर्चात जाऊन बसलेली असतात. म्हणून आधी तेच लेजर उघडा आणि टेलिफोन, केबल, बॅटरी, खोदकाम असं काहीही दिसलं की वेगळं काढा.

खोदकामाला जरा वेळ द्या. एकाच चरातून विजेची आणि टेलिकॉमची केबल टाकलेली असते आणि ठेकेदाराचं बिल एकच असतं. साइट इंजिनिअरकडून मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांची वही, मागवा, कुठली केबल किती मीटर ते बघा आणि त्या प्रमाणात खर्च वाटा. वाटणीचा कागद फाइलला लावा. आणणं, उतरवणं, बसवणं, चाचणी घेणं हे सगळं मालमत्तेच्या किमतीत धरायचं. माणसांचं प्रशिक्षण आणि उद्घाटनाचा खर्च मात्र त्यात बसत नाही. ठेकेदार ‘इतर खर्च’ लिहून नारळ-पेढ्यांपासून मांडवापर्यंत सगळं आत घालतो, तेव्हा त्या ओळीचा तपशील मागाच. वायरलेसच्या परवान्याची वार्षिक फी त्या-त्या वर्षाच्या खर्चात टाका.

सिग्नल आणि संपर्कयंत्रणा एकाच खात्याखाली ढकलू नका. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या ठरलेल्या खातेपद्धतीत संपर्कयंत्रणेला २६ नंबरचं आणि सिग्नल-इंटरलॉकिंगला (सिग्नल आणि सांधे एकमेकांशी बांधणारी यंत्रणा) २७ नंबरचं खातं आहे. आपल्यावर असं बंधन नाही, पण सवय उचलण्यासारखी आहे. आयुर्मान ठरवताना तिचा उपयोग होतो: कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ मध्ये साइडिंगला १५ वर्षं, टेलिकॉमच्या ट्रान्समिशन यंत्रांना १३ आणि केबल-फायबरला १८ वर्षं दिली आहेत. उन्हातान्हात हमालांच्या हातात फिरणारा सेट एवढा टिकत नाही, हे साइटवरचा कुणीही सांगेल. कमी आयुष्य धरायचं तर तांत्रिक माणसाचं लेखी मत आत्ताच घेऊन ठेवा.

तारखा दोन लागतात. कंपनी कायद्याचा घसारा (दरवर्षी मालमत्तेची किंमत थोडी थोडी खर्चात टाकणं) यंत्र वापरायला तयार झाल्यापासून सुरू होतो, आयकराचा प्रत्यक्ष वापरापासून. वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर आयकरात पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे ३ ऑक्टोबरपर्यंत, लीप वर्ष असेल तर ४ पर्यंत, वापर सुरू झालेला हवा. चाचणीचा सहीचा अहवाल आणि लॉगबुकातल्या पहिल्या नोंदीची झेरॉक्स, दोन्ही हवीत. तोंडी ‘दिवाळीआधीच चालू झालं’ हे ऑडिटर ऐकून घेतो, पण लिहून घेत नाही.

जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं असेल तर तेवढी रक्कम किमतीतून वजा आहे ना ते पाहा, कारण त्याच रकमेवर घसारा धरला तर क्रेडिट जातं. टेलिकॉम टॉवर जीएसटी कायद्यातल्या ‘प्लांट अँड मशिनरी’च्या व्याख्येतून वगळलेले आहेत, त्यामुळे मास्टचं बिल सल्लागाराला दाखवल्याशिवाय क्रेडिटला हात लावू नका.

रेल्वेच्या हद्दीतलं काम डिपॉझिट वर्क म्हणून, म्हणजे आपण पैसे भरून रेल्वेकडून करून घेतलेलं, असेल, तर पैसे आपले आणि ताबा रेल्वेचा असतो. कराराची प्रत, भरलेल्या रकमेच्या पावत्या आणि रेल्वेचा अंतिम हिशेब या तिन्हींशिवाय ऑडिटरसमोर बसू नका. अंतिम हिशेब येईपर्यंत त्याचा आकडा हलू शकतो, हेही आधीच सांगून ठेवा.

मग साइटवर एक फेरी. मालमत्ता कुठे आहे, किती आहे आणि मोजली का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. वॉकी-टॉकीचा नंबर बॅटरी काढल्यावर आतल्या स्टिकरवर सापडतो. घामाने, ग्रीसने तो पुसत आलेला असतो, तेव्हा वाचता येतोय तोवर मोबाईलवर फोटो काढा आणि परवान्याच्या यादीशी ताडून घ्या. कपाटातल्या सुट्या बॅटऱ्या स्टोअरच्या साठ्यात धरा, पण बेस स्टेशनची अख्खी बॅटरी बँक बदलली असेल तर जुनीची उरलेली किंमत वह्यांतून काढायला विसरू नका. बंद पडलेले सेट नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडेच द्या आणि त्याची पावती त्याच फाइलला लावा.